दारावरची पाटी आणि कमरेचं पिस्तूल

ह्युस्टनला लागून शुगरलँड नावाचं गाव आहे. तिथे माझ्या मामेभावाने छोटं उपाहारगृह काढलं. मिसळ, वडापाव, शनिवार-रविवारी पुरणपोळी. उद्घाटनाच्या आदल्या रात्री त्याने काचेच्या दारावर एक स्टिकर चिकटवला: लाल वर्तुळ, आत काळं पिस्तूल आणि त्यावरून तिरकी लाल रेघ. खाली बारीक अक्षरांत काहीतरी क्रमांक होता, तो काही त्याने वाचला नाही. ऑनलाइन मागवला होता, चित्र स्पष्ट होतं, काम झालं असं त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी गल्ल्यावर पैसे देताना एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ अगदी अदबीने म्हणाले, "जेवण फार छान होतं. एक सांगू? दारावरच्या त्या चित्राला टेक्ससमध्ये काही अर्थ नाही. माझ्याकडे परवाना आहे आणि पिस्तूल आत्ताही कमरेला आहे. तुम्ही जा म्हणालात तर मी लगेच जाईन, पण ते चित्र मला अडवत नाही."

त्या रात्री भावाचा फोन आला. "ताई, माणूस पिस्तूल घेऊन माझ्या दुकानात बसला, मिसळ खाल्ली आणि वर मलाच कायदा शिकवून गेला. दार माझं, भाडं माझं, आणि माझी पाटी चालत नाही?"

मी वकील नाही. पण बरीच वर्षं डॅलसला राहते, मंडळाच्या कार्यक्रमांसाठी सभागृहं ठरवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे या पाट्यांशी माझा जुना संबंध आहे. भावाला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेत दुकान, मोटेल, गॅस स्टेशन चालवणाऱ्या आपल्या कित्येक लोकांचा हाच गोंधळ होतो. भारतातून मुलांकडे आलेले आईवडीलही दारावरच्या त्या लांबलचक मजकुराकडे बघून हे काय प्रकरण आहे असं विचारतात.

आधी मुळाशी जाऊ

भारतात शस्त्र कायदा १९५९चा. परवाना मिळवायला गरज पटवून द्यावी लागते, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असेल अशी शंकाही पुण्या-नाशकातल्या हॉटेलात आपल्या मनात येत नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत गणित उलटं आहे. मोठ्या माणसाने सार्वजनिक जागी पिस्तूल बाळगणं हा त्याचा हक्क धरला जातो आणि अपवाद कायदा सांगतो. बाळगायच्या दोन तऱ्हा. सदऱ्याखाली, कोटाआड, पर्समध्ये, म्हणजे कुणाला दिसणार नाही असं ठेवणं, याला 'कन्सील्ड कॅरी' म्हणतात. मी इथून पुढे 'लपवून बाळगणं' म्हणेन. कमरेच्या म्यानात सगळ्यांना दिसेल असं ठेवणं ही दुसरी तऱ्हा, 'उघडं बाळगणं'. २०२४पर्यंत २९ राज्यांत लपवून बाळगायला परवान्याचीही गरज उरली नव्हती. टेक्सस त्यातलंच एक, १ सप्टेंबर २०२१पासून.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण नव्या मंडळींना ती कुणी सांगत नाही. परवाना लागत नाही म्हणजे कुणीही पिस्तूल घेऊन फिरावं असं नाही. एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक जवळ ठेवायलाच केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड मिळाल्यावर चित्र बदलतं. टेक्ससमध्ये सगळ्यांना मोकळीक आहे असं ऑफिसातल्या मित्राकडून ऐकून कुणी भलतं पाऊल उचललं, तर ते व्हिसावर आणि पुढच्या आयुष्यावर बेतू शकतं.

साधी पाटी आणि कायद्याची पाटी

पुण्यात फाटकावर "येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल" असं लिहिलेलं असतं. त्या पाटीत मालकाचा राग असतो, धमकी असते, पण कायदा नसतो. दोन पावलांवर वाहतूक पोलिसांचा 'नो पार्किंग'चा फलक असतो. त्याचा रंग, आकार, चिन्ह ठरलेलं असतं आणि तो मोडला तर दंडाची पावती फाटते. सांगणं एकच, वजन निरनिराळं.

माझ्या भावाचा स्टिकर पहिल्या जातीचा होता. टेक्ससमध्ये परवानाधारकाला अडवायचं तर दुसऱ्या जातीची पाटी लागते. तिच्यावर काय लिहायचं, केवढ्या अक्षरांत आणि कोणकोणत्या भाषांत लिहायचं, हे सगळं कायद्यातच दिलं आहे. दंडसंहितेतलं ते कलम ३०.०६, म्हणून पाटीचं नावही 'थर्टी-ऑट-सिक्स'. योगायोग असा की ३०-०६ हे एका जुन्या, नावाजलेल्या रायफलच्या काडतुसाचंही नाव आहे. त्यामुळे ते टेक्ससच्या माणसाच्या तोंडात आधीपासूनच रुळलेलं होतं.

या कायद्याचा पाया अनधिकृत प्रवेश, म्हणजे 'ट्रेसपास'. तुमच्या जागेत कुणी यावं हे तुम्ही ठरवता, पण नको असलेल्याला तसं कळवायला हवं. कळवूनही तो आला किंवा थांबला तर गुन्हा. घराबाहेर चपला काढा असं आपण सांगितलंच नाही, तर पाहुण्याला दोष कसा देणार? पाटीचं काम एवढंच: माणसाला 'कळलं होतं' हे नंतर कोर्टात नि:संशय सिद्ध व्हावं.

इंचभर अक्षरं, दोन भाषा

हा नियम एवढा काटेकोर का, ते इतिहासात डोकावल्याशिवाय कळत नाही.

१६ ऑक्टोबर १९९१. टेक्ससमधल्या किलीन गावात 'लूबीज' नावाच्या कॅफेटेरियात दुपारच्या जेवणाची गर्दी होती. एका माणसाने आपला पिकअप ट्रक काच फोडून आत घुसवला आणि गोळ्या झाडायला सुरुवात केली. २३ माणसं मेली. सुझाना ग्रेशिया आपल्या आईवडिलांबरोबर तिथे जेवायला आली होती. तिचं रिव्हॉल्वर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा टेक्ससमध्ये ते लपवून जवळ बाळगणं हा गुन्हा होता. आई आणि वडील, दोघंही तिने त्या दुपारी गमावले. पुढे सुझाना ग्रेशिया हप या नावाने तिने राज्याराज्यांत साक्षी दिल्या, १९९६मध्ये स्वतः टेक्ससच्या विधिमंडळात निवडून गेली.

१९९३मध्ये या विषयावर लोकांचा कौल घ्यायचं विधेयक आलं होतं, ते गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी नाकारलं. पुढच्या वर्षी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यांना हरवलं, आणि १९९५मध्ये परवाना घेऊन पिस्तूल लपवून बाळगायची मुभा देणाऱ्या कायद्यावर बुश यांची सही झाली. १ जानेवारी १९९६पासून परवाने चालू झाले.

मग दुकानदारांनी आपापल्या परीने पाट्या लावल्या. कुणी चित्र, कुणी हाताने लिहिलेला कागद, कुणी दाराच्या कोपऱ्यात नखाएवढा स्टिकर. परवानाधारकांची तक्रार होती की पिस्तूल कोटाआड, पाटी कुंडीआड, आणि गुन्हा मात्र आमच्या माथी. ही तक्रार मला रास्त वाटते. जे वाचताच येत नाही ते मोडल्याबद्दल कुणाला शिक्षा होऊ नये. १९९७मध्ये विधिमंडळाने कलम ३०.०६ आणलं आणि पाटीचा मजकूर शब्दशः ठरवून टाकला. आजच्या मजकुराचा मराठीत साधारण अर्थ असा:

"दंडसंहितेच्या कलम ३०.०६ नुसार (परवानाधारकाने लपवलेल्या पिस्तुलासह केलेला अनधिकृत प्रवेश), शासन संहितेच्या प्रकरण ४११, उपप्रकरण एच (पिस्तूल परवाना कायदा) खाली परवाना असलेल्या व्यक्तीने लपवलेले पिस्तूल घेऊन या मालमत्तेत प्रवेश करू नये."

हाच मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. ठळक सुटी अक्षरं, उंची किमान एक इंच. अक्षरांचा रंग मागच्या रंगाहून उठून दिसणारा. आणि पाटी लोकांना सहज दिसेल अशा जागी. दोन्ही भाषांतला एवढा मजकूर इंचभर अक्षरांत बसवायला घ्या, म्हणजे कळतं: काचेच्या दाराचा मोठा भाग त्यातच जातो. दुकानाची वेळ, 'आजचा बेत', दिवाळीच्या फराळाची जाहिरात, सगळं बाजूला सरकतं. पाटी लावायची की नाही हे ठरवताना दुकानदार याचाही हिशेब करतो, आणि पाटी लावणं जितकं अवघड तितक्या पाट्या कमी लागतात, हे उघड आहे.

दुसरा मार्गही आहे. कायद्याच्या शब्दांतलं कार्ड हातात दिलं, किंवा तोंडी सांगितलं, तरी ती सूचना धरली जाते. त्या गृहस्थांनी "तुम्ही जा म्हणालात तर जाईन" म्हटलं ते यामुळेच. मालकाच्या तोंडच्या एका वाक्यात त्या स्टिकरपेक्षा जास्त बळ होतं. माझ्या भावाला हे पटायला वेळ लागला.

एका दारावर तीन पाट्या

१ जानेवारी २०१६पासून टेक्ससमध्ये परवानाधारकाला पिस्तूल उघडं बाळगता येऊ लागलं. त्याला अडवायला नवीन कलम आलं, ३०.०७. त्याची पाटी वेगळी, आणि ती प्रत्येक प्रवेशद्वारावर हवी. त्याच वेळी ३०.०६च्या मजकुरातलेही काही शब्द बदलले, म्हणजे ज्यांनी जुनी पाटी लावली होती त्यांना ती नव्याने करून घ्यावी लागली.

मग २०२१मध्ये परवान्याची सक्ती गेली. पण ३०.०६ आणि ३०.०७ या पाट्या 'परवानाधारका'शी बोलतात. ज्याच्याकडे परवानाच नाही त्याचं काय? त्याच्यासाठी अनधिकृत प्रवेशाच्या सर्वसाधारण कलमात, ३०.०५मध्ये, तिसऱ्या पाटीची सोय झाली: बंदूक घेऊन या मालमत्तेत येऊ नये. इथे शब्द थोडे इकडेतिकडे झाले तर चालतं. पण ही पाटी परवानाधारकाला पिस्तुलाच्या कारणावरून अडवू शकत नाही. लोक परवाने अजूनही घेतात, कारण इतर राज्यांत जाताना ते उपयोगी पडतात.

म्हणजे ज्याला आपल्या दुकानात कुणाचंही पिस्तूल नको, त्याने तीन पाट्या लावायच्या. ज्याला फक्त उघडं मिरवलेलं नको, त्याने ३०.०७. ३०.०६ मोडणाऱ्याला जास्तीत जास्त २०० डॉलर दंड. पण समोरासमोर "बाहेर जा" असं सांगूनही तो हलला नाही, तर गुन्ह्याचा दर्जा वाढतो: एक वर्षापर्यंत तुरुंग आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. २०१९च्या दुरुस्तीने याची दुसरी बाजूही सांभाळली: सांगितल्यावर जो तत्काळ निघून जातो, त्याला कोर्टात तो बचाव मिळतो.

याहून वेगळी, मालकाच्या मर्जीवर नसलेली एक पाटीही आहे: मोठ्या लाल अक्षरांत '५१%'. ज्या जागेची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूवर होते, तिथे ती लावावीच लागते. बारमध्ये पिस्तूल नेणं हा गंभीर गुन्हा आहे. मिसळीबरोबर चार बाटल्या बिअर विकणाऱ्या उपाहारगृहाला ती लागू होत नाही.

"पण माझा घटनेने दिलेला हक्क आहे ना?"

हा प्रश्न अमेरिकेत रोज विचारला जातो. घटनेची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगायचा हक्क देते, मग दुकानदार अडवणारा कोण?

घटनेतले हे हक्क सरकारचे हात बांधतात, शेजाऱ्याचे नाही. भाषणस्वातंत्र्य तुम्हालाही आहे; म्हणून माझ्या दिवाणखान्यात येऊन तासभर भाषण केलंत तर ऐकून घ्यायचं बंधन माझ्यावर नाही. दुकानदाराने धर्म, वंश, रंग, मूळ देश यांवरून कुणाला हाकललं तर १९६४चा नागरी हक्क कायदा आड येतो. बंदूक बाळगणारे लोक त्या यादीत नाहीत.

सरकारी जागेत मात्र हाच तर्क उलटा फिरतो. तिथे ३०.०६ची पाटी चालत नाही, आणि चुकीची पाटी लावणाऱ्या सरकारी संस्थेलाच दंड होतो: पहिल्यांदा दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर, पुढच्या वेळी १०,००० ते १०,५००. शाळा, न्यायालयं यांसारख्या जागांना स्वतंत्र मनाई आहे.

या दोन्हींच्या मधली जागा आली की भांडण पेटतं. डॅलसच्या स्टेट फेअरमध्ये ऑक्टोबर २०२३मध्ये गोळीबार होऊन तिघं जखमी झाले. २०२४मध्ये जत्रा भरवणाऱ्या खासगी संस्थेने सगळ्या बंदुकांना बंदी केली. जागा मात्र शहराची. राज्याचे ॲटर्नी जनरल केन पॅक्सटन कोर्टात गेले. जत्रेच्या आदल्या दिवशी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी थांबवायला नकार दिला, आणि जत्रा बंदीसह सुरू झाली.

"गोळीबार करायला आलेला माणूस पाटी वाचतो का?"

नाही. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. माणसं मारायचं ठरवून आलेल्याला २०० डॉलरच्या दंडाचं काय? पाटी लावल्याने तो थांबेल असं ज्यांना वाटतं ते स्वतःची फसवणूक करून घेतात. सुझाना हप यांचं म्हणणं तर असं की पाटी फक्त सज्जनांचे हात बांधते. लूबीजमधली ती दुपार डोळ्यांसमोर आणली की त्यांच्या बोलण्याला उत्तर देताना जीभ जड होते.

पण पाटीचं काम मुळात तेवढ्यासाठी नाही. दुकानात रोज येणारी माणसं हल्लेखोर नसतात. पिस्तूल खुर्चीवरून घसरून पडतं, स्वच्छतागृहात विसरलं जातं, लहान मुलाच्या हाती लागतं, पार्किंगच्या भांडणात नको तेवढं पटकन बाहेर येतं. जिथे शाळा सुटल्यावर मुलं वडापाव खायला येतात, तिथे मालकाने "माझ्याकडे नको" म्हणणं हा त्याचा निर्णय आहे. तो निर्णय कायदा पाळणाऱ्या माणसापर्यंत पोचवायला पाटी लागते. ते गृहस्थ कायदा पाळणारेच होते. योग्य पाटी असती तर पिस्तूल गाडीत कुलूपबंद ठेवून आले असते, नाहीतर दुसरीकडे जेवले असते.

मोठ्या कंपन्या तर पाटी टाळून विनंतीवर भागवतात. स्टारबक्सच्या प्रमुखांनी सप्टेंबर २०१३मध्ये खुलं पत्र लिहून, बंदुका आणू नका अशी विनंती केली आणि ही बंदी नाही हेही स्पष्ट केलं. ३ ऑगस्ट २०१९ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारात २३ जणांनी प्राण गमावले. महिन्याभराने वॉलमार्टने ग्राहकांना पिस्तूल उघडं आणू नका अशी विनंती केली. परवानाधारकांच्या लपवलेल्या पिस्तुलाबद्दलचं धोरण बदललं नाही.

आणखी एक भीती दुकानदाराला असते: बंदी केली आणि कुणाला स्वतःचं रक्षण करता आलं नाही, तर खटला माझ्यावर येईल का? किंवा बंदी केली नाही आणि काही घडलं तर? विस्कॉन्सिनने २०११च्या कायद्यात एका बाजूला संरक्षण दिलं: जो मालक बंदी करत नाही, त्या निर्णयाबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही. बंदी करणाऱ्याला तशी ढाल दिली नाही. राज्याचा कल कुठे आहे ते यावरून समजतं.

मंदिर, मंडळ आणि ऑफिसचं पार्किंग

आपल्या लोकांचं या पाट्यांशी सगळ्यात जास्त काम पडतं ते सणासुदीला.

टेक्ससमध्ये प्रार्थनास्थळांबद्दल बराच काळ संभ्रम होता. ५ नोव्हेंबर २०१७ला सदरलँड स्प्रिंग्ज गावच्या चर्चमध्ये हत्याकांड झालं, त्यानंतर विषय ऐरणीवर आला. २०१९मध्ये विधिमंडळाने स्पष्ट केलं की प्रार्थनास्थळ इतर खासगी मालमत्तेसारखंच: बंदी हवी तर सूचना द्या. म्हणजे मंदिरात पिस्तूल नको, हे विश्वस्तांनी गृहीत धरून चालत नाही. देवाच्या दारात कोण शस्त्र आणेल, असं आपल्या ज्येष्ठांना वाटतं. इथल्या माणसाला ते न सांगता कळेलच असं नाही.

गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात असेल तर शाळेची स्वतंत्र मनाई आहेच. खासगी हॉल असेल तर हॉलच्या मालकाशी करारातच हा मुद्दा बोलून घ्यावा, पाटी कुणी लावायची तेही. आणि गावाचं कम्युनिटी सेंटर भाड्याने घेतलं असेल तर जागा सरकारी, तिथे ३०.०६ची पाटी अडकवून आपण निर्धास्त झालो असं समजू नये. आधी विचारावं. एका वर्षी ढोल-ताशाच्या सरावाच्या वेळी आम्ही हे विचारलं नव्हतं, आणि आरतीच्या गर्दीत एका पाहुण्याच्या कुर्त्याखालचं म्यान दिसल्यावर कार्यकर्त्यांची धांदल उडाली होती. तो माणूस काहीच चुकीचं करत नव्हता. चूक आमच्या तयारीत होती.

नोकरदारांसाठी एवढंच: कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात पिस्तूल आणायला नियमावलीतून मनाई करू शकते. पण २०११पासून टेक्ससमध्ये, कायदेशीररीत्या बंदूक बाळगणाऱ्या कर्मचाऱ्याने ती पार्किंगमधल्या आपल्या कुलूपबंद गाडीत ठेवली, तर त्याला सहसा अडवता येत नाही.

राज्य बदललं की पाटी बदलते

आता त्या स्टिकरवरच्या बारीक अक्षरांकडे येते. पुढच्या आठवड्यात मी शुगरलँडला गेले तेव्हा चष्मा लावून ती वाचली. इलिनॉयच्या कायद्याचा क्रमांक होता! भावाने शिकागोची पाटी टेक्ससच्या दाराला लावली होती.

इलिनॉयने लपवून बाळगायला परवानगी दिली ती २०१३मध्ये, सगळ्या राज्यांत शेवटी. तिथली पाटी चार इंच बाय सहा इंच, म्हणजे पोस्टकार्डाएवढी. पिस्तुलाचं चित्र, लाल वर्तुळ, तिरकी रेघ. नमुना राज्य पोलिसांनी ठरवून दिलेला, कुणीही छापून घ्यावा. तिथे तो स्टिकर पूर्ण कायदेशीर आहे.

साउथ कॅरोलायनात पाटी आठ इंच रुंद, बारा इंच उंच, चित्राचं वर्तुळ सात इंच व्यासाचं, आणि ती दाराच्या तळापासून ४० ते ६० इंचांच्या मध्येच हवी. मिनेसोटाने तर टंकसुद्धा कायद्यात घातला: काळा 'एरियल', उंची किमान दीड इंच, मागची पाटी किमान १८७ चौरस इंच. तिथे पाटी ओलांडणं हा गुन्हा नाही. सांगूनही न जाणं हा गुन्हा, आणि पहिल्यांदा दंड २५ डॉलरपर्यंत. मिझुरीतही पाटी मोडली म्हणून थेट गुन्हा होत नाही. जायला नकार दिला आणि पोलीस आले, तर पहिला दंड १०० डॉलरपर्यंत.

मला स्वतःला इलिनॉयची पद्धत पटते. एकच लहान पाटी, चित्राची, वाचता न येणाऱ्यालाही कळणारी, आणि सगळीकडे सारखी. परवानाधारकाला संशय राहत नाही आणि दुकानदाराचं दारही झाकलं जात नाही. टेक्ससचा नियम स्पष्टतेसाठी आला हे खरं, पण तीन पाट्या आणि सहा परिच्छेद झाल्यावर त्यातली स्पष्टता उरते कुठे?

काहीच लिहिलं नसेल तर?

आता गाभ्याचा प्रश्न. दारावर पाटीच नाही. मालक काही बोललेला नाही. मग अर्थ काय घ्यायचा?

'मौनं सम्मतिलक्षणम्' असं आपण म्हणतो. टेक्सस आणि बहुतेक राज्यं तसंच म्हणतात: बोलला नाहीत म्हणजे चालतं. २३ जून २०२२ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्रूएन' खटल्यात न्यूयॉर्कचा परवान्याचा जुना, कडक नियम रद्द केला आणि घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनात्मक हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, कॅलिफोर्निया आणि हवाई या पाच राज्यांनी मौनाचा अर्थच उलटवला: मालकाने 'हो' म्हटल्याशिवाय त्याच्या जागेत पिस्तूल आणायचं नाही. बोलावल्याशिवाय घरात येऊ न शकणाऱ्या रक्तपिपासू भुताच्या गोष्टीवरून विरोधकांनी याला 'व्हँपायर रूल' असं नाव दिलं.

हवाईचा कायदा २०२३चा. माउई बेटावरच्या रहिवाशांनी त्याला आव्हान दिलं. ६ सप्टेंबर २०२४ला नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (सर्किट म्हणजे एका केंद्रीय अपील न्यायालयाखालचा राज्यांचा गट) हवाईचा नियम राखला. कॅलिफोर्नियाचा मात्र अडवला, कारण तिथे परवानगी फक्त ठरावीक पाटीनेच देता येत होती, हवाईत ती तोंडीही चालते. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या सर्किटने लोकांना खुल्या असलेल्या दुकानांपुरता असा नियम नाकारला होता. दोन न्यायालयं दोन दिशांना गेली. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाईचं प्रकरण, 'वुलफर्ड विरुद्ध लोपेझ', सुनावणीला घेतलं आणि जानेवारी २०२६मध्ये युक्तिवाद ऐकले.

ब्रूएनची कसोटी अशी की बंदुकीवरचं बंधन अमेरिकेच्या जुन्या परंपरेत बसायला हवं. म्हणून वकिलांना जुनी दप्तरं उघडावी लागली. हवाईच्या बाजूने १७७१चा न्यू जर्सीचा कायदा पुढे आला: दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय बंदूक नेऊ नये. विरोधक म्हणतात तो चोरट्या शिकारीसाठी होता, दुकानांसाठी नव्हे. दुसरा दाखला १८६५चा, लुइझियानाचा. तो यादवी युद्धानंतर, नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांना दाबून ठेवणाऱ्या कायद्यांमधला. असल्या कलंकित कायद्याला परंपरा म्हणायचं का, यावर जोरदार वाद आहे, आणि तो व्हायलाच हवा.

दोन्ही बाजूंना हे मान्य आहे की शेवटचा शब्द मालकाचा. तंटा आहे तो आधी कोणी बोलायचं यावर. ही गोष्ट बारीक वाटते, पण बहुतेक माणसं बोलतच नाहीत. कुणाला गिऱ्हाईक तुटायची भीती, कुणाला वाद नको, कुणाला कायदाच माहीत नाही. माझ्या भावाचं पहिल्या तीन दिवसांचं मौन ही संमती नव्हती, ते न कळणं होतं. परक्या देशात नवं दुकान थाटणाऱ्यांकडे पाहिलं की मौनातून इतका मोठा अर्थ काढणं मला अवघड वाटतं. त्याच वेळी त्या गृहस्थांचंही म्हणणं मला समजतं: प्रत्येक पेट्रोल पंपावर आणि किराणा दुकानात आधी जाऊन विचारायचं, तर हक्क उरला कुठे?

शुगरलँडच्या दाराशी

भावाने पंधरा दिवस विचार केला. स्वयंपाकघरातल्या लोकांना विचारलं, नेहमीच्या गिऱ्हाइकांशी बोलला, त्या गृहस्थांशीही. शेवटी तिन्ही पाट्या लावायच्या ठरल्या.

छापून आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्याने पोळपाटाशेजारी पाटी आडवी ठेवली आणि स्टीलची पट्टी घेऊन अक्षरं मोजली. इंग्रजी बरोबर इंच. स्पॅनिश मात्र जागा पुरावी म्हणून छापणाऱ्याने थोडं लहान केलं होतं, इंचाला दोन रेघा कमी. त्याच्याकडे भाजी चिरणारी बाई एल साल्वादोरची. तिने हात पुसून ते मोठ्याने वाचलं, शब्द बरोबर आहेत म्हणाली. भावाने पाटी पुन्हा कागदात गुंडाळली, गाडीत टाकली आणि परत छापून घ्यायला निघाला.

ते गृहस्थ पुढच्या शनिवारी आले. दाराशी थांबून तिन्ही पाट्या वाचल्या, परत गाडीकडे गेले, दोन मिनिटांनी आत आले आणि पुरणपोळी आहे का म्हणून विचारलं.